वजन नॉर्मल आहे, मग फॅटी लिव्हर कुठून आलं?

हा प्रश्न आजकाल माझ्याकडे सारखा येतो आणि विचारणारे बहुतेक बारीकच असतात. मध्ये एक जोडपं आलं होतं, ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलतेय. नवरा आयटीतला, पस्तिशीचा, हातपाय काटकुळे, वजन ६४ किलो, कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टवर ग्रेड वन, म्हणजे सौम्य, फॅटी लिव्हर. त्याला वाटत होतं रिपोर्टच बदलला असणार. "मॅडम, जाड तर ही आहे, हिचं लिव्हर क्लीन आणि माझं असं कसं?" बायको खाली बघत बसली होती, घरात सगळे तिला जाडी म्हणतात हे नंतर कळलं, आणि खरं सांगते, मला त्याच्या लिव्हरइतकीच तिची काळजी वाटली.

मी कागदावर पोटाचा आडवा छेद काढला. बाहेरून कातडी, तिच्याखाली चिमटीत येते ती चरबी, मग स्नायूंची भिंत आणि भिंतीच्या आत आतड्यांभोवती साठलेली चरबी, ही कितीही चिमटा काढा हाताला लागत नाही. त्रास देते ती मुख्यतः हीच, कारण आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटलेली फॅटी ॲसिड्स पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतून, थेट लिव्हरकडे जातात.

सीटीमध्ये दोन्ही चरबी सारख्याच काळपट दिसतात, एक्स-रे किती अडतात त्याच्या मापात पाण्याचा नंबर शून्य धरला तर चरबीचा साधारण उणे ३० ते उणे १९०. मग वेगळ्या कशा करायच्या, तर स्नायूंच्या भिंतीची रेघ धरून आत किती आणि बाहेर किती ते मोजतात. एमआरआयमध्ये पाण्याचा आणि चरबीचा सिग्नल वेगळा करून लिव्हरमध्ये किती टक्के चरबी आहे तेही निघतं, साधारण ५ टक्क्यांच्या वर गेली की फॅटी लिव्हर. सोनोग्राफीत मात्र लिव्हर किडनीपेक्षा पांढरट दिसतंय एवढ्यावरून अंदाज बांधतात.

त्याला पटेना, तेव्हा आपल्या पुण्याचंच उदाहरण दिलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात या दोन डॉक्टर-संशोधकांचा शेजारी शेजारी फोटो आला होता, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दोघांचाही २२.३, पण शरीरातली चरबी मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनवर युडकिन यांची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांची २१.२. आपल्या लोकांचा बांधाच असा आहे, काट्यावर कळत नाही.

"मग सीटी करून घेऊ?" नको. फक्त चरबी मोजायला रेडिएशन कशाला घ्यायचं, आणि आकडा काहीही आला तरी करायचं तेच आहे. टेप काढली, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, पठ्ठ्या पोट आत ओढतच होता, म्हटलं श्वास सोडा आधी. ९३ सेंटीमीटर. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९०. तिची ८३ भरली, बायकांसाठी ८०, म्हणजे तीसुद्धा पूर्ण सुटली नाही, पण तिची बरीचशी चरबी मांड्यांवर, नितंबांवर, आणि ती तेवढी छळत नाही.

त्याला सांगितलं, बारीक असलात तरी दोन-तीन किलो उतरवा, रात्री उशिराचे बिस्किटं आणि कोल्ड्रिंक बंद, रोज भराभर चालणं आणि आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचलायची. दारू किती होते तेही विचारलं, हे बायकोसमोर विचारावंच लागतं. शुगर, लिपिड आणि लिव्हरच्या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने दोघांनीही करायच्या ठरल्या. आणि घरात तिला जाडी म्हणणं बंद, हे मात्र तिथेच त्याच्याकडून कबूल करून घेतलं.