बारावीनंतर पुण्यात जिऑलॉजी घ्यावं का, आणि पुढे नोकरीचं काय?

घ्या, पण फिरायची आवड असेल तरच. बीएस्सी फर्ग्युसनमधून करता येतं, एमएस्सी विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातून. एमएस्सीला आयआयटीत जायचं असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्या.

सरकारी नोकरीचा मोठा रस्ता म्हणजे यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. त्यातल्या जिऑलॉजिस्टच्या पदाला एमएस्सी लागते, नुसत्या बीएस्सीवर भागत नाही. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे. शिवाय बोगदे, धरणं, खाणी आहेतच. जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांवरची माहिती हाताळणं) मात्र पहिल्या वर्षापासूनच शिकायला घ्या.

पुण्याची एक अडचण: जिकडे बघाल तिकडे बेसॉल्ट! सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा; पाताळेश्वरचं लेणंही त्यातच कोरलेलं. ग्रॅनाइट, नाइस (gneiss), चुनखडी असे बाकीचे खडक बघायला बाहेरच जावं लागतं, म्हणून फील्ड ट्रिप बुडवू नका. (आमच्यातले बुडवणारे व्हायवाला हातातला दगड उलटसुलट करत बसायचे.)

तोवर 10एक्सचं (दहापट मोठं दाखवणारं) भिंग घ्या आणि घाटातल्या दगडांतल्या पोकळ्या बघा. आत पांढरे खडे दिसतील. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसलं तर बहुतेक कॅल्साइट, नाहीतर झिओलाइट किंवा क्वार्ट्‌झ, ही तिन्ही खनिजं. क्वार्ट्‌झने काचेवर ओरखडा उठतो. यात तासभर कसा गेला ते कळलं नाही, तर प्रवेश घेऊन टाका.