सोयाबीन पिवळे पडले : विषाणू की लोहाची कमतरता?

प्रश्न : सोयाबीन ३५ दिवसांचे झाले आहे. शेंड्याची पाने पिवळी पडली आहेत. दुकानदार पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग म्हणतात, शेजारी लोह कमी म्हणतात. ओळखायचे कसे? (एक वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर : फवारणीआधी पान उजेडाकडे धरून शिरा बघा. लोह कमी असेल तर शिरा हिरव्याच राहतात आणि मधली जागा सारखी फिकट होत जाते. पिवळ्या मोझॅकमध्ये गर्द पिवळे, वेडेवाकडे चट्टे हिरव्यात मिसळलेले दिसतात. शिराही त्यातून सुटत नाहीत. पुढे त्यावर तांबूस ठिपके येतात.

मग शेतात फिरा. चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या भागात सलग पट्टा पिवळा असेल तर लोहाचा संशय धरा. एक झाड पिवळेधमक आणि लगतचे हिरवेगार, असे विखुरलेले असेल तर विषाणू.

तरीही शंका राहिली तर पाच-सहा ओळींवर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट (लोह देणारे खत) आणि २५ ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी फवारा. चुना तसाच टाकला तर नोझल तुंबतो. आठ-दहा दिवसांत नवी पाने हिरवी आली तर प्रश्न लोहाचाच होता.

पाने पिवळी कमी पण सुरकुतलेली, फुगवट्यांची, कडा खाली वळलेली असतील तर तो सोयाबीन मोझॅक. हा वेगळाच विषाणू. मावा पसरवतो आणि बियाण्यातूनही येतो. अशा शेतातले बियाणे ठेवू नका. पिवळा मोझॅक पांढरी माशी पसरवते.

खात्रीसाठी प्रयोगशाळेत पीसीआर चाचणी (पानातील विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) करता येते. चार-पाच रोगट झाडांची कोवळी पाने वेगवेगळ्या कोरड्या कागदात, सोबत एका निरोगी झाडाची, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पाठवा. ओल्या प्लॅस्टिक पिशवीत पाने कुजतात आणि नमुना वाया जातो. दोन्ही विषाणूंची तपासणी मागा. पिवळ्या मोझॅकच्या विषाणूचे जनुकीय द्रव्य डीएनए, सोयाबीन मोझॅकचे आरएनए, त्यामुळे एकाच चाचणीत दोन्ही सापडत नाहीत.

पिवळा मोझॅक ठरला तर रोगट झाडे उपटून पुरा. थायामेथोक्झाम १२.६ टक्के + लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ९.५ टक्के झेडसी हे तयार मिश्र कीटकनाशक एकरी ५० मिली, २०० लिटर पाण्यातून, पानांच्या खालच्या बाजूला पोहोचेल असे फवारा. माशी तिथेच बसते. आधीच पिवळे झालेले झाड यानेही बरे होत नाही.

प्रश्न : पुढच्या वर्षी कोणते वाण?

उत्तर : जेएस ३३५ हे वाण पिवळ्या मोझॅकला बळी पडते. जेएस २०-२९, जेएस २०-६९ किंवा जेएस ९७-५२ बघा. बांधाला रोगट मूग-उडीद उभा असेल तर तोही काढा. विषाणू तिथेही टिकतो.