चहा सोडला, तरी झोप येईना

"झोप लागत नाही. चहा-कॉफी कायमची बंद करू का?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि विचारणाऱ्या बऱ्याच जणांनी येण्याआधीच ती बंद करून पाहिलेली असते. अशाच एका गृहस्थांचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

गृहस्थ पन्नाशीच्या अलीकडचे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या अडत दुकानात दिवाणजी, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या विक्रीचा हिशेब (पट्टी) लिहिणारे. घर गावभागात, नदीपासून फार लांब नाही. ऐन पावसाळ्यात पत्नीला घेऊन आले. बसता बसता म्हणाले, "मॅडम, चहा सोडून पंधरवडा होत आला. एक घोट घेतला नाही. डोकं ठणकतंय, पट्टी न्यायला आलेल्या शेतकऱ्यावर उगाच खेकसतोय, आणि रात्री तीनला टक्क जागा. मग मिळवलं काय?"

बाई म्हणाल्या, "चहा होता तेव्हा निदान घरात चार शब्द तरी बोलत होते."

मी आधी त्यांचा चहा सोडण्यापूर्वीचा दिवस विचारला. पहाटे घरचा कपभर. दुकान उघडलं की एक, सौदे सुरू व्हायच्या आधी एक, सौदे सुटले की एक. दुपारी पट्ट्या लिहिताना एक-दोन, दुकान बंद करताना एक, आणि जेवणानंतर मित्रांबरोबर कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये शेवटचा. "कटिंगच हो, मोठा कप नाही," असं त्यांनी दोनदा सांगितलं.

कटिंग असला तरी बेरीज होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन धरलं आहे आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. पण झोपेचा विचार करताना मी कपांपेक्षा घड्याळाकडे जास्त बघते. आपण जागे असतो तसतसा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि त्याने झोपेची ओढ वाढते. कॅफीन त्याच्या खुर्चीवर येऊन बसतं. ओढ तयार असते, ती फक्त पोहोचत नाही. पोटात गेलेलं निम्मं कॅफीन शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. म्हणजे रात्री साडेनऊच्या चहाचा निम्मा अंमल अडीच वाजताही अंगात असू शकतो. तेव्हा चहाकडे बोट दाखवण्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. तो तोडला मात्र एका दिवसात, आणि तिथून पुढचा त्रास सुरू झाला.

रोजचं कॅफीन अचानक थांबलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, चिडचिड होते, अंग जड वाटतं. पहिले दोन दिवस त्रास जास्त असतो आणि बहुतेकांचा तो नऊ दिवसांच्या आत ओसरतो. यांचा पंधरवडा झाला तरी ओसरला नव्हता, हे मला खटकलं. डोकेदुखीवर काय घेता, असं विचारलं. खिशातून एक पाकीट निघालं. संध्याकाळी एक गोळी, कधी झोपताना आणखी एक. मी म्हटलं, मागचं बारीक अक्षर वाचा. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पाकीट डोळ्यांजवळ नेलं आणि एकेक घटक मोठ्याने वाचत गेले. पॅरासिटामॉलच्या खालीच कॅफीन लिहिलेलं होतं. बाईंनी पाकीट हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत ते असतं, आणि हे माहीत नसलेली हुशार माणसं मी खूप पाहिली आहेत. चहा सोडून ते रात्रीचं कॅफीन गोळीतून घेत होते.

दुसरी गोष्ट बाईंनी सांगितली. अमृततुल्यला जाणं बंद झाल्यापासून हे नऊलाच अंथरुणावर. चहा सोडलाय तर आता झोप आलीच पाहिजे, असा हट्ट. दोन-तीन तास कूस बदलायची, घड्याळ बघायचं, आज किती तास मिळणार याचा हिशेब मांडायचा. दिवाणजीच ते, हिशेब चुकायचा नाही! झोपेच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त त्रासदायक हीच सवय वाटते. अंथरूण म्हणजे जागं राहून तळमळायची जागा, हे शरीर शिकून घेतं. मग सोफ्यावर डुलक्या देणारा माणूस गादीवर पाठ टेकताच ताजातवाना होतो.

मग मी विचारलं, तीनला जाग आली की पहिल्यांदा काय करता? ते गप्प राहिले. बाई म्हणाल्या, "मोबाइल. आयर्विनची पातळी."

सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. या घरात तेव्हा छताला हात लागेल इतकं पाणी होतं, आणि २०२१ मध्ये पुन्हा शिरलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात हे रात्री उठतात. कोयना धरणातून किती पाणी सोडलं, अलमट्टी धरणाचं काय, पुलाजवळ किती झालं. "सगळे झोपलेत, एकानं तरी जागं राहायला नको का?" असं ते म्हणाले तेव्हा आवाज बदलला होता. हा माणूस पहाऱ्यावर होता. चहा सोडून पहारा कसा सुटणार?

या भीतीला मी खोटं ठरवलं नाही. नदी खरी आहे, पाणी दोनदा घरात आलेलं आहे. आम्ही एवढंच केलं की काळजीला रात्रीऐवजी संध्याकाळची वेळ दिली. साडेसहाला नवरा-बायकोंनी एकत्र बसून पातळी आणि विसर्ग बघायचा. कागदावर लिहून ठेवायचं: ३५ फुटांला कागदपत्रं आणि दागिने विश्रामबागला मेहुण्यांकडे, ४० च्या आधी फ्रीज, धान्य आणि आई तिकडे. पाणी चढतं असेल त्या रात्री कॉलेजातला मुलगा बारापर्यंत लक्ष ठेवणार आणि गरज पडली तर उठवणार. एरवी मोबाइल बाहेरच्या खोलीत. हा कागद त्यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात, पट्टी लिहावी तसा लिहिला आणि फ्रीजवर चिकटवला.

बाकीचं सोपं होतं. ती गोळी बंद. डोकं दुखलंच तर कॅफीन नसलेली, तीही डॉक्टरांना विचारून. सकाळचे दोन चहा मी परत सुरू करायला लावले, ते ऐकून त्यांचा चेहरा खुलला. दुपारी एकनंतर मात्र नाही. अमृततुल्यच्या मैफिलीला जायचं, पण तिथे दूध घ्यायचं. अंथरुणावर अकराच्या आधी नाही, उठायचं साडेपाचला, रात्र कशीही गेली तरी. झोप येत नसेल तर उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसायचं, डोळे जड झाले की परत. पहिला आठवडा कठीण गेला, दुपारी पेंगत होते. त्यानंतर मधली जाग कमी होत गेली. दसऱ्याला आले तेव्हा बहुतेक रात्री सलग झोपत होते. धो-धो पाऊस असला की अजून जाग येते, पण पुन्हा झोप लागते.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते: सोडायचाच असेल तर दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा आणि सुरुवात संध्याकाळच्या कपापासून करा. कॉफी, कोला, एनर्जी ड्रिंक आणि गोळ्या हिशेबात धरा. छातीत धडधड होत असेल, घाबरं होत असेल किंवा गरोदर असाल तर झोप बरी असली तरी कमी करा. अंथरुणावरचा वेळ कमी करण्याचा प्रयोग फिट येणाऱ्यांनी किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी आपल्या मनाने करू नये. मोठं घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल तर आधी डॉक्टर गाठा. मन सतत उदास असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.