‘मा. आ.’ म्हणजे माजी की माननीय?

प्रश्न असा: दादरच्या एका व्यायामशाळेच्या उद्घाटनपत्रिकेत पाहुण्यांच्या नावाआधी ‘मा. आ.’ छापलंय. हे माननीय आमदार की माजी आमदार?

दोन्ही लागू पडतं, म्हणूनच ते छापू नये. ‘मा.’ हे माननीयचं रुळलेलं रूप. ‘माजी’ मुळातच दोन अक्षरी, त्याला आणखी किती कापणार? तो पूर्ण लिहावा, पुढे ‘आमदार’ही पूर्ण लिहावा. ‘आ.’ फक्त चालू सदस्याला. ‘मा. ना.’ म्हणजे तर दुहेरी फोडणी. ‘नामदार’मध्ये मान आलेलाच आहे. आणि हिंदी वाहिन्यांच्या नादाने आमदाराला ‘विधायक’ म्हणणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. मराठीत विधायक असतं ते काम. माणूस तसा असेलच असं नाही.

गंमत पुढे आहे. मनोहर जोशी १९७२ मध्ये विधान परिषदेवर गेले तेव्हा नावाआधी ‘आ.’ लागलं. मध्ये १९७६ ला मुंबईचं महापौरपद. १९९० मध्ये दादरमधून विधानसभेवर निवडून आले, पुन्हा ‘आ.’च. १९९५ ला मुख्यमंत्री झाले, ‘ना.’. १९९९ ला लोकसभेवर गेले, ‘खा.’. महानगरातल्या आमदाराची अख्खी चढण तीन अक्षरांत मावते.

यातच एक लाडका समज निकालात निघतो. दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास यांवरून काही जण ठासून सांगतात की आमदार खालच्या सभागृहाचा आणि खासदार वरच्या. मग विधान परिषदेतले ७८ जण खासदार का नाहीत, आणि महाराष्ट्रातून लोकसभेवर जाणारे ४८ आमदार का नाहीत? आपल्याकडचा आम-खास हा मुंबई-दिल्लीचा भेद आहे, मजल्यांचा नाही. ‘आम जनतेला ज्याचं दार उघडं तो आमदार’ ही व्युत्पत्ती सत्कारसमारंभात टाळ्या घेते, तिथेच ती ठेवावी.

हे दार घराचं नव्हे. फारसी ‘दार’ म्हणजे धारण करणारा, बाळगणारा. जमीनदाराकडे जमीन, दुकानदाराकडे दुकान. मग आमदाराकडे काय? ‘आम’ आणि ‘खास’ ही तर अरबीतून आलेली विशेषणं, ती हातात कशी धरणार? माझ्या मते ही जोडी ‘नामदार’च्या ठशावर पाडली आहे. नामदार गोखल्यांपासून तो शब्द मराठी कानांना सवयीचा, आणि त्याची घडण मात्र चोख: नाम बाळगणारा, म्हणजे नावाजलेला. प्रास जुळला, आम आणि खास त्याच साच्यात बसले, व्याकरण कोणी विचारलं नाही.

आता या ‘दार’कडे नीट पाहा. संस्कृतात जिथे ध, भ असे महाप्राण आहेत तिथे फारसीत साधे द, ब येतात. बंध तिथे ‘बंद’ होतो, भ्रातृ ‘बरादर’ होतो (आपली बिरादरी त्यातलीच). त्याच न्यायाने धृ धातूतला ‘धार’ तिथे ‘दार’ झाला. ‘नाम’ तर दोन्हीकडे नामच. म्हणजे नामदार आणि नामधारी हे सख्खे भाऊ ठरतात! एक फारसीच्या घरी वाढला आणि मंत्र्याच्या नावाआधी जाऊन बसला. दुसरा संस्कृतच्या घरी राहिला आणि मराठीत त्याचा अर्थ उरला ‘नुसता नावापुरता’. एका ‘ध’चा फरक. ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला विधानसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातल्यामुळे २८८च्या सभागृहात मुख्यमंत्र्यांसकट ४३ मंत्रीच होऊ शकतात. त्यातल्या बिनखात्याच्या मंत्र्याला दोन्ही शब्द एकदम लागू पडतात.

हां, तुमची पत्रिका. पाहुणे सध्या सभागृहात नसतील तर छापखान्याला ‘माजी आमदार’ असं अख्खं टाकायला सांगा. ओळीत जागा पुरली नाही तर आधी ‘कार्यसम्राट’ उडवा.