केस तिची, उत्तरं तुमची

तुमची मुलगी चार वर्षं सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे, आता तिला प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे प्रॉडक्टमध्ये काय बनवायचं आणि आधी काय हे ठरवणारी, व्हायचंय आणि दोन कंपन्यांच्या केस इंटरव्ह्यूत (धंद्यातला एखादा प्रश्न समोर ठेवून तो सोडवायला लावणारी मुलाखत) ती शेवटच्या फेरीत अडकली. तिला आता तिसरा क्लास लावावा का, असा तुमचा प्रश्न आहे. पत्रासोबत, तुम्ही रोज रात्री तिच्याकडून सोडवून घेतलेल्या केसेसचा तक्ताही आहे: प्रश्न, लागलेली मिनिटं, चुकलेल्या पायऱ्या, दहापैकी गुण.

क्लास नको. आता तक्त्याकडे येतो, कारण मला खरी काळजी त्याची वाटते.

त्यात एक शेरा सारखा दिसतो: ‘मध्येच गप्प झाली, पुढची पायरी मी सांगितली.’ का सांगितलीत? खऱ्या मुलाखतीत उमेदवार ‘एक मिनिट विचार करतो’ म्हणून कागदावर खरडत बसतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तेवढ्या वेळातच तर विचार होतो. तुम्ही तोच हिरावून घेता आणि वर गुण कापता. स्वतः कमावणारी सव्वीस वर्षांची मुलगी रोज रात्री वडिलांकडून दहापैकी साडेपाच घेत असेल, तर ती समोरच्याचा चेहरा वाचून उत्तर द्यायलाच शिकणार. कंपन्यांनी कळवलेला अभिप्राय तुम्हीच उतरवून पाठवलाय: ‘मांडणी व्यवस्थित, पण स्वतःची भूमिका दिसली नाही. आक्षेप घेताच उत्तर बदललं.’ आणि त्यावरून तुम्ही ठरवलंत की आणखी फ्रेमवर्क (उत्तर मांडायचे तयार साचे) पाठ व्हायला हवीत! मी कपाळाला हात लावला.

मुलाखतीतला आक्षेप म्हणजे उत्तर चुकल्याची खूण नसते. या नोकरीत इंजिनिअर सांगतात ‘जमणार नाही’, विक्रीवाले म्हणतात ‘उद्याच हवं’, आणि यांपैकी कुणीही प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली नसतं. नवी माहिती आली तर मत बदलणारा आणि नुसता आवाज चढला म्हणून न बदलणारा माणूस कंपन्यांना हवा असतो. तुमच्या घरात मात्र आक्षेप म्हणजे ‘चूक, दुरुस्त कर’ असाच अर्थ झालाय.

फ्रेमवर्कचा गैरसमजही एकदा काढून टाकू. तुम्ही सर्कल्स, एएआरआरआर आणि राइस या तीन फ्रेमवर्कना गणिताच्या सूत्रांच्या ओळीत बसवलंय. एएआरआरआर गुंतवणूकदार डेव्ह मॅक्लुअर यांनी 2007 मध्ये मांडलं ते स्टार्टअपनी कोणते आकडे बघावेत हे सांगायला. राइस इंटरकॉम कंपनीत तयार झालं ते कामांचा क्रम लावायला, आणि त्यातला ‘कॉन्फिडन्स’, म्हणजे आपली खात्री किती, हा आकडा तर उघडउघड अंदाज असतो. मुलाखतीसाठी बेतलेलं यातलं एकटं सर्कल्स, आणि तेही उमेदवाराला काही सुटू नये म्हणून. निर्णय यातलं कुठलंच घेऊन देत नाही.

तक्त्यातली एक केस घेतो: ‘व्हिडिओ ॲपवर अपलोड आठवड्यात 10 टक्क्यांनी घटले, कारण शोधा.’ मुलीने आधी अंतर्गत कारणं सांगितली, मग बाह्य, प्रत्येकी चार. तुम्ही आठ गुण दिलेत. मी कमी दिले असते. अपलोड मोजतात कसे, बटण दाबल्यावर की व्हिडिओ दिसू लागल्यावर? घट एका दिवसात झाली की हळूहळू? एकाच दिवशी कोसळलं असेल तर मी आधी नवी आवृत्ती किंवा मोजणीतला बिघाड बघेन. हळूहळू ओसरलं असेल तर लोकांची सवय किंवा स्पर्धक. फक्त अँड्रॉइडवर घट असेल तर निम्मी यादी तिथेच गळते. एवढं विचारून ‘माझा संशय अमुक गोष्टीवर आहे, आणि अमुक आकडा उलटा निघाला तर मी तो सोडेन’ असं म्हणता यायला हवं. आठ कारणं सांगून ती एकाही कारणामागे उभी राहिली नाही.

टॅक्सीच्या फेऱ्या किती होत असतील, या अंदाजाच्या प्रश्नाचं तिचं उत्तर तुम्ही इंटरनेटवर ताडून बघितलंत आणि चूक ठरवलंत. त्या प्रश्नात गृहीतकं पटण्यासारखी आहेत का, एवढंच बघायचं असतं.

एमबीएचंही विचारलंय. क्षेत्र बदलायला त्याचा उपयोग होतो, पण चार वर्षं प्रॉडक्ट बांधणाऱ्या टीममध्ये असलेल्या माणसासाठी तो लांबचा रस्ता आहे.

‘हे क्षेत्र नवं आहे, म्हणून मला लक्ष घालावं लागतं’ हेही पटलं नाही. प्रॉक्टर अँड गँबलमध्ये नील मॅकेलरॉय यांनी ‘ब्रँड मॅन’, म्हणजे एकाच ब्रँडची सगळी जबाबदारी घेणारा माणूस, नेमण्याचं टिपण लिहिलं ते 1931 मध्ये, आणि या कामाचं मूळ बहुतेक जण तिथेच शोधतात. त्यातही या माणसाने स्वतः जाऊन विक्रेत्यांना आणि गिऱ्हाइकांना भेटावं, असं होतं. तुमची मुलगी तिच्या प्रॉडक्टच्या किती ग्राहकांशी बोललीय? तुमच्या पत्राच्या तीन पानांत त्याचा उल्लेख नाही. तिला हे काम का हवंय, हेही कुठे नाही.

म्हणून माझा सल्ला मुलाखतींच्या तयारीचा नाहीच. दोन-तीन महिने अर्ज थांबवा. तिने मॅनेजरकडे मागून सपोर्टच्या तक्रारी वाचाव्यात, ग्राहकांच्या कॉलवर बसावं, आणि आपल्या प्रॉडक्टमधलं कोणतं फीचर काढून टाकावं यावर एक पानभर टिपण लिहून टीमसमोर मांडावं. लोक त्या टिपणावर टीका करत तुटून पडतील. त्यात मजा आली तर याच कंपनीत प्रॉडक्टच्या बाजूला सरकता येतं का, हे तिनेच विचारावं. डेव्हलपरसाठी तो रस्ता बाहेरच्या केस इंटरव्ह्यूपेक्षा सोपा असतो. मजा नाही आली तर ती चांगली डेव्हलपर आहेच, त्यात कमीपणा काही नाही. पुढे सराव लागलाच तर या कामातल्या एखाद्या ओळखीच्या माणसासोबत करावा, आणि तेव्हा तुम्ही त्या खोलीत नसावं.

तुमच्याकडे एकच काम. हे पत्र तिला वाचायला द्या आणि पुढचं तिला लिहू द्या, तुम्ही न तपासता. क्लासची आगाऊ रक्कम भरली असेल तर ती परत मागा.