चामडं न वापरता मुलाला क्रिकेट शिकवता येईल का?

तुमच्या घरात चामड्याची एकही वस्तू नाही, दहा वर्षांच्या मुलाला मात्र क्रिकेटच्या वर्गाला जायचंय. तर किट बिनचामड्याचं मिळेल का आणि सीझन बॉलचं, म्हणजे चामड्याच्या कडक चेंडूचं, काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी बारा वर्षं लहान मुलांना क्रिकेट शिकवतोय आणि गेली पाच वर्षं स्वतः चामडं वापरत नाही.

किटची काळजी सोडा. आजकालचे पॅड बाहेरून पीयू किंवा पीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे असतात. हेल्मेट, थायपॅड, पिशवी, मुलांचे रबरी तळाचे बूट यांत सहसा चामडं नसतं. अडतं ते ग्लोव्ह्जच्या तळव्याशी. महागड्या जोडीला मेंढीचं मऊ कातडं लावलेलं असतं आणि दुकानदार तेच आधी हातात देतो. तुम्ही सुती किंवा सिंथेटिक तळव्याचे मागा. चामडी तळवा घामाने भिजून वाळला की कडक होतो, त्यामुळे तो नसला तरी लहान मुलाचं काही बिघडत नाही. कीपिंग करणार असेल तर ग्लोव्ह्जच्या आत घालायचे इनरही सुती घ्या.

खरा प्रश्न चेंडूचा. आत बूच, त्याभोवती घट्ट गुंडाळलेला लोकरीचा दोरा, वर तुरटीने कमावलेलं गाईबैलाचं कातडं. चांगल्या चेंडूत त्याच्या चार फोडी असतात आणि शिवणीवर टाक्यांच्या सहा ओळी. मेरठला एका कारखान्यात चेंडू घ्यायला गेलो होतो, तिथे अशी अख्खी पांढरी कातडी थप्पी लावून ठेवलेली पाहिली. प्रत्येकीवर पाठीच्या कण्याची रेघ स्पष्ट दिसत होती. त्यानंतर मला चेंडू हातात घेताना ती रेघ आठवते. ‘कातडं तर वाया जाणारच असतं’ असं लोक म्हणतात. पण जनावराचा सौदा कातड्याची किंमत धरूनच होतो.

खेळाच्या बाजूने अडचण खरी आहे, ती लपवत नाही. कातडं घाम शोषतं, एक बाजू पुसून चकचकीत ठेवता येते, दुसरी हळूहळू खरबरीत होते. स्विंग, म्हणजे चेंडू हवेत वळणं, आणि जुन्या चेंडूचा उलट दिशेचा रिव्हर्स स्विंग यांत याचा मोठा वाटा असतो. प्लास्टिकचं आवरण तसं झिजत नाही आणि असे बरेच चेंडू जास्त उसळतात. पण क्रिकेटचे नियम बनवणाऱ्या एमसीसी या इंग्लंडमधल्या क्लबच्या नियमावलीतला चौथा नियम वाचा. पुरुषांच्या क्रिकेटसाठी वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम, घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर, एवढं मोजून सांगितलंय. चेंडू कातड्याचाच हवा, असं त्यात कुठेही नाही.

फुटबॉलने हे केव्हाच करून दाखवलं. १९८६च्या मेक्सिको विश्वचषकात अ‍ॅझ्टेका हा पूर्ण सिंथेटिक चेंडू आला. चामड्याचा चेंडू पावसात पाणी पिऊन जड व्हायचा, त्यातून खेळाडू सुटले. मग मागे वळून पाहण्याचं कारणच उरलं नाही. उलट २००६मध्ये अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगने मायक्रोफायबरचा, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांचा चेंडू आणला. खेळाडूंना आधी नीट विचारलं नव्हतं, बोटांना चिरा पडतात अशा तक्रारी झाल्या आणि १ जानेवारी २००७ला चामडं परत आलं. म्हणून माझं ठाम मत आहे की क्रिकेटचा पर्यायी चेंडू नुसत्या करुणेवर टिकणार नाही, तो गोलंदाजाच्या बोटांना पटावा लागेल. तसा चेंडू बनवण्यावर पैसा आणि डोकं खर्च व्हायला हवं. तोही पुन्हा प्लास्टिकचाच असेल तर त्याचा कचरा होणार, ही गोष्टही बनवणाऱ्यांनी आत्ताच धरावी.

आमच्या नेट्समध्ये बारा वर्षांखालची मुलं शिवणीच्या सिंथेटिक चेंडूवर शिकतात. पकड, सीम म्हणजे शिवण सरळ ठेवणं, सरळ बॅटने खेळणं, झेल, यातलं काही अडत नाही. पालकांनी सुरुवातीला कुरकुर केली, मुलांनी नाही.

तेव्हा नाव घालण्याआधी कोचला भेटा आणि सरावापुरता असा चेंडू चालेल का, ते स्पष्ट विचारा. पुढे १४ वर्षांखालच्या निवडचाचणीत समोर चामड्याचाच चेंडू येईल. तो खेळायचा की नाही, हे आज ठरवू नका. तोवर तुमचा मुलगा तीन-चार वर्षांनी मोठा झालेला असेल, चेंडू कशाचा असतो ते त्याला माहीत असेल, त्यालाच विचारा.