खांबाला घासणारा मागचा दरवाजा

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दोन खांबांमध्ये माझं पार्किंग आहे, मधलं अंतर २.५ मीटर. रिव्हर्समध्ये डावीकडे वळून आत घेताना डावा मागचा दरवाजा दोनदा खांबाला घासला. सेन्सर वाजलाच नाही. काय चुकतंय?

उत्तर : स्टिअरिंग लवकर वळतंय. वळताना डावं मागचं चाक सगळ्यात आतून जातं, आणि दरवाजा त्याच्या थोडा पुढेच असतो. सेन्सरला दोष देऊ नका. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचे झाले, पण बसतात मागच्या बंपरात; बाजूचा खांब त्यांना दिसत नाही.

गाडी खांबांच्या रांगेपासून दीडेक मीटर लांब ठेवून जागेच्या पुढे न्या. डावा आरसा इतका खाली करा की मागचं चाक आणि खांबाचा बुंधा दोन्ही दिसतील. ही एक सवय लागली तरी बरंचसं काम होतं. क्लच अर्धा धरून अगदी हळू मागे या. दरवाजाचं हँडल आणि खांब यांत वीतभर फट राहिलीच पाहिजे. कमी झाली तर थांबा, स्टिअरिंग सरळ करून पुढे जा, पुन्हा घ्या. तिथेच ओढाताण केली की पत्रा दबतो. फार उशिरा वळवलंत तर उजवा मागचा कोपरा पलीकडच्या खांबावर जाईल.

या वळणात गाडीचं नाक उजवीकडे फेकलं जातं. समोर लावलेल्या स्कूटर आधी बघा. बाहेर काढतानाही मागचा दरवाजा खांब ओलांडेपर्यंत सरळच या.